गोदामाची वाटणी

चित्रकलेच्या पेपरांना गुण देऊन गठ्ठा बांधला की माझा उन्हाळा सुरू होतो. मी बोरीच्या शाळेत चित्रकला शिकवते. ‘माझे गाव’ असा विषय दिला की दरवर्षी निम्म्या कागदांवर दोन डोंगर, त्यांच्या मधोमध सूर्य आणि कडेला एक नारळाचं झाड उगवतं. बोरीत नारळ नाही, आणि डोंगर बघायचा तर जिंतूरच्या पुढं जावं लागतं. मी दरवर्षी चिडते. लेकरांनो, लिंब काढा, बाभळ काढा, एसटीचा थांबा काढा, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगते. पोरं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा नारळच काढतात. यंदा एका पोरीनं मात्र गल्लीच्या टोकाचं पत्र्याचं गोदाम काढलं होतं. पत्रे वाकडे होते, दार फारच लहान होतं, पण गोदाम आमचंच होतं. मी तिला हात न आखडता गुण दिले.

घरी आले तर अंगणभर लिंबाचा फुलोरा सांडलेला. त्याचा वास गोड म्हणावा तर गोड नाही, कडू म्हणावा तर कडू नाही. चैत्र सरत आला की हा वास, कडब्याचा वास आणि तापलेल्या पत्र्याचा वास असे तिन्ही मिळून येतात, आणि मला काही न करता थकल्यासारखं वाटतं. डांबर चपलेला चिकटायला लागतं. शेतावर जाणारा माणूस खिशात कांदा ठेवतो. माळवदावर कुरडया वाळत असतात आणि त्यांच्याजवळ एखादी म्हातारी डोक्यावर ओला पदर घेऊन कावळे हाकत बसलेली असते. परभणीचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही, त्याला एकदा वैशाखात मुक्कामाला बोलवावं लागतं.

त्या गोदामाची जागा कशी ठरली, ते मला दर उन्हाळ्यात आठवतं. तो उन्हाळा माझ्यासाठी शोभाचा उन्हाळा आहे.

शोभा माझी धाकटी जाऊ. बी. ए. झालेली, जिंतूरला शिवणाचा कोर्स केलेली, हात चालू असताना तोंडही चालू असणारी. मला आक्का म्हणते आणि माझं एकही ऐकत नाही. तेव्हा तिचं मशीन आमच्या ओसरीत होतं. उन्हाळ्यात आसपासच्या शाळांचे गणवेश तिच्याकडे यायचे, त्यामुळे सगळं गाव सुस्तावलेलं असताना तिची लगीनघाई असायची. मशीन ओसरीत मावायचं. कापड मावायचं नाही. गणवेशाचं कापड थरावर थर आंथरून एकदम कापावं लागतं, आणि आमच्या ओसरीतून शेतात जायचा, शेतातून यायचा, न्हाणीकडं जायचा असा सगळा रस्ता. सासरे धुळीच्या पायांनी थांबायचे आणि म्हणायचे, “पोरी, कुटून जाऊ?” सासूबाईंच्या शेळीनं तर एकदा निळ्या कापडाची अख्खी बाही खाल्ली होती. शोभा त्या दिवशी रडली आणि मग शेळीकडं बघून हसलीसुद्धा.

तिचा नवरा, म्हणजे माझे विलास भावजी, चाकणला एका कंपनीत. चौघांत एक खोली, हातानं स्वयंपाक. बायको-लेकीनं आपल्याजवळ यावं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. त्या वर्षी त्यांनी फोनवर सांगून टाकलं, “एवढा उन्हाळा बघ. तिथं तुझ्या कामाची काई सोय लागली तर लागली. न्हाई तर शाळा सुरू व्हायच्या आत इकडं ये. रूम बघून ठिवलीय. इथं पॅकिंगला बाया घ्यायलेत.”

फोन ठेवून शोभा म्हणाली, “आक्का, मला पॅकिंग करायचं न्हाई. मला दुकान बी नगं. मला फक्त कापड आंथरायला जागा पायजे.”

तिचं मागणं एवढंच होतं. घर सोडायचं की राहायचं, ते कापडाच्या मापाच्या जागेवर आलं होतं.

गोदाम गावाचं होतं. कधीतरी त्यात खताची पोती असायची, मग सोसायटी बंद पडली आणि कबुतरं राहायला आली. जिंतूरचा एक व्यापारी सोयाबीन साठवायला ते मागत होता. शोभानं सरपंचबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, एकट्या बाईला गावाची जागा देता येणार नाही, पण कारागीर मिळून मागत असतील तर बघू. कशी वापरणार ते आपसात ठरवा आणि अक्षय तृतीयेच्या आत येऊन सांगा. भांडणं घेऊन येऊ नका, एकमत घेऊन या. एकमत न्यायचं म्हणजे आधी ते घडवावं लागतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असावं, कारण सांगताना त्या गालात हसत होत्या.

शोभा धरून चौघं जमले. ज्ञानोबाकाका सुतारकाम करायचे, चिंचेखाली. पाऊस आला की चौकटीवर ताडपत्री आणि डोक्यावर पोतं. रफीकभाईंचं वेल्डिंग रस्त्याच्या कडेला, त्यांच्या झगमगाटानं समोरच्या घरातली माणसं वैतागलेली. चौथा संघपाल. परभणीला डिप्लोमा केलेला, काही वर्षं औरंगाबादला कंपनीत काढून परत आलेला, भीमनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत विहिरीच्या मोटरींत तांब्याची नवी तार भरून द्यायचा. उन्हाळ्यात जळालेल्या मोटरींची त्याच्या दारात एवढी गर्दी व्हायची की त्याच्या आईला घरात शिरायला वाट राहायची नाही. चौघांचंही घोडं एकाच जागी अडलेलं. हात होते, गिऱ्हाईक होतं, बूड टेकायला जागा नव्हती.

आणि पाचवी मी. “मॅडम ड्रॉइंगच्या हायेत, नकाशा त्याच काढतील,” असं ज्ञानोबाकाकांनी परस्पर जाहीर करून टाकलं. हंडा आणि सुरई काढायला शिकवणाऱ्या बाईला नकाशा काढता येतोच असं नाही. पण सुट्टी लागलेली होती आणि शोभा माझ्याकडं बघत होती.

त्या दिवसांत गल्लीत कुरडयांची धामधूम होती. आमच्या गल्लीत पितळेचा एकच मोठा सोऱ्या आहे. तो नेमका कुणाचा, हे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. आज देशमुखांच्या माळवदावर, उद्या आमच्या, परवा पलीकडच्या आळीत. ज्या घरी सोऱ्या, त्या घरी बाया. एकीनं चीक ढवळायचा, एकीनं दाबायचं, एकीनं कापडावर गोल फिरवायचं. गरम चिकात मीठ-जिरं घालून वाटीभर खायला मिळतो, तो माझ्या मते कुरडईपेक्षा चांगला लागतो. मी तिथं बसून चीक खात होते, मांडीवर पुठ्ठा घेऊन गोदामाचा नकाशा काढत होते, आणि समोर चाललेलं काम मला दिसत असून दिसत नव्हतं.

नकाशा मी सुरेख काढला. चार कोपऱ्यांत चार चौकोन, मधे येण्याजाण्याची वाट, रंगीत पेन्सिलीनं भरलेला. चौघांनी तो लग्नाची पत्रिका बघावी तसा कौतुकानं बघितला आणि मोडीत काढला.

“मागच्या कोपऱ्यातल्याकडं गिऱ्हाईक कामून येईल?” काका म्हणाले.

“नळ अन् मीटर मागच्या भिंतीला हाय. पुढच्यानं काय करायचं?” रफीकभाई म्हणाले.

संघपालनं नकाशातल्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मॅडम, येक सांगतो, राग मानू नका. आमची वस्ती पहिल्यापासून गावाच्या मागच्या अंगाला. मोटर घिऊन येणारा माणूस बी पत्ता इचारत इचारत येतो. इथं बी मला मागचाच कोपरा असंल, तर मी घरीच बरा हाय. मला रस्त्याचं तोंड पायजे.”

मागचा कोपरा त्याच्या नावावर मीच टाकला होता, मोटरींच्या जळक्या वार्निशचा वास नको म्हणून. माझं कारण खरं होतं आणि त्याचंही खरं होतं.

तोडगा काकांनी काढला. “शेतासारखं करा. आडवं नगं, उभं फाडा. चार पट्ट्या. हरेकाचं तोंड रस्त्याला अन् पाठ नळाला.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही उजळला, मी काही वेगळी नव्हे. आमच्याकडं भावाभावांत रान वाटतात ते असंच. एका भावाला रस्त्याकडचं आणि दुसऱ्याला ओढ्याकडचं दिलं तर पिढ्यान्पिढ्या तोंड बघायचे नाहीत. म्हणून रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडतात. प्रत्येकाला रस्ता, प्रत्येकाला पाणी, चांगली जमीन सारखी, खडकाळ सारखी. यापेक्षा न्याय्य गोष्ट आम्हाला ठाऊक नाही. पुढं त्या पट्टीचीही वाटणी होते आणि औत वळवायला जागा उरत नाही, हेही आम्हाला ठाऊक असतं, पण ते वाटणीच्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही.

गोदामात कबुतरांची घाण होती, म्हणून समोरच्या रिकाम्या खळ्यात आम्ही गोदाम आखायचं ठरवलं. त्याच्याच मापाचं, जसंच्या तसं. शाळेतून फक्की आणली. खेळाच्या मैदानावर मारतात तीच, चुन्याची. दोरी धरून बाहेरच्या भिंती आखल्या, मग आत तीन रेघा ओढून चार पट्ट्या. रस्त्याकडची गोदामाची भिंत तशीही पडायला आली होती, तिथं चार शटर लावायची असं ठरलं, म्हणून चार दारंही आखली. काकांनी तर प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्याला हद्दीचा धोंडा रोवला. गावातले रिकामे लोक लिंबाखाली बसून बघत होते. “मॅडम, कबड्डीचे सामने हायेत का?” एकानं विचारलं. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मग शोभा म्हणाली, सामान आणून बघू. येत्या दिवसांत इथंच काम करून बघू, भिंती आहेत असं समजून.

भिंती आहेत असं समजून पहिल्याच सकाळी काकांनी एक लांब फळी उचलली आणि वळवायला गेले. फळीचं टोक संघपालच्या पट्टीतून जाऊन रफीकभाईंच्या सिलिंडरला लागलं. “काका, भिंतीतून आरपार गेले की तुमी,” रफीकभाई म्हणाले. काकांनी दुसऱ्या बाजूनं वळवून बघितलं, तर ते रस्त्यावर गेले. शोभाचा कापायचा टेबल पट्टीत उभा बसला, पण त्याच्याभोवती फिरता येईना. कापणाऱ्याला टेबलाच्या चारी बाजूंनी जावं लागतं. ती एका बाजूनं कापायची, मग बाहेर येऊन रस्त्यानं वळसा घालून रफीकभाईंच्या पट्टीतून दुसऱ्या बाजूला जायची. रफीकभाईंनी वेल्डिंग सुरू केलं आणि एक ठिणगी पांढऱ्या कापडावर पडून तिथं काळं भोक झालं.

“भाई, बघून तरी करा!”

“भाभी, चिंगारी काय इचारून उडती का?”

संघपालच्या पट्टीला दोन्हीकडून शेजारी. त्यानं तांब्याची तार ताणून धरली की एकीकडून काकांचा भुसा तारेवर, दुसरीकडून रफीकभाईंच्या ग्राइंडरची धूळ. तरी सगळे नेटानं करत राहिले. न्याय्य वाटणी झाली होती ना, मग अडचण सोसायला हवी, असा सगळ्यांचा आविर्भाव. आम्ही अडचण सोसण्यात पटाईत आहोत. ती अडचण आपणच आखलेली आहे, हे लक्षात यायला फार वेळ लागतो.

आणि मग एका सकाळी काका आणि संघपालमधली रेघ वीतभर सरकलेली दिसली.

आजही मला ते सांगताना हसू येतं आणि रागही येतो. फक्कीची रेघ होती. वारा होता, शेरडं होती, खळ्यात खेळणारी पोरं होती. पण काकांनी धोंडा बघितला, रेघ बघितली आणि ओरडले, “बांध कोरला!”

“फक्कीची रेघ कोरून मला काय ज्वारी पेरायचीय?” संघपाल म्हणाला.

एवढ्यावर हसून सोडता आलं असतं. पण काका रागात होते. “तुमाला गावानं जागा दिली की तुमी लगेच...” असं म्हणाले आणि थांबले. पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, ते सगळ्यांना ऐकू आलं. संघपालनं तारेची रिळं उचलली, स्कूटरवर टाकली आणि गेला. मला काकांचा इतका संताप आला की मी त्यांच्याकडं पाठ फिरवून घरी आले. मागून काही तरी म्हणत होते, ते मी ऐकलं नाही.

खळं ओस पडलं. अक्षय तृतीया तोंडावर आलेली. व्यापाऱ्याचा माणूस गोदामाचं माप घेऊन गेला असंही कुणीतरी सांगितलं. शोभानं मशीनचं वरचं डोकं काढून पोत्यात गुंडाळलं. तिच्या लेकीनं, पिंकीनं, मला विचारलं, “मोठी आई, चाकणला चिंचा असत्यात का?” मी म्हणाले, असतील. मला रडू येत होतं आणि ते मी कुरडयांच्या डब्यात डोकं घालून लपवलं.

जायच्या आधी सगळ्या गोधड्या धुऊन ठेवते, असं शोभा म्हणाली. उन्हाळ्यात आमच्याकडं गोधड्या विहिरीवर नेऊन धुतात, घरच्या पाण्यात त्या भिजतसुद्धा नाहीत. आम्ही दोघी बैलगाडीत ढीग घालून शेतावर गेलो. ही विहीर सासऱ्यांची आणि त्यांच्या चुलतभावाची, सामाईक. रान त्यांनी आमच्या लग्नांच्या आधी कधीतरी फाडून घेतलं, मग बांधावरून भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. लग्नात अक्षदा टाकायला येतात, पण जेवायला थांबत नाहीत. दोघांच्या पट्ट्या एवढ्या अरुंद की एकाचं औत दुसऱ्याच्या रानात वळतं, आणि प्रत्येक वळणाला एक शिवी.

आम्ही दगडावर गोधड्या आपटत होतो. हौदात मोटरचं पाणी पडत होतं. गोधडीतून काळं पाणी निघतं, मग तांबूस, मग पांढरं, आणि जुन्या लुगड्यांचे रंग हळूहळू वर येतात. ऊन वाढलं. सासऱ्यांनी मोटर बंद केली आणि स्टार्टरच्या पेटीवर एक धोंडा ठेवून ते लिंबाखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं पलीकडून चुलतसासरे आले. धोंडा उचलून खाली ठेवला, मोटर सुरू केली. हौद तोच, पाणी तेच, पाट त्यांच्या रानाकडं वळला. दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, आणि मी लग्न होऊन आल्यापासून बघत आलेले.

गोधडी पिळायला एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पीळ घालता घालता शोभा थांबली.

“आक्का, या विहिरीत कुणी फक्की मारली का ओ?”

“काय बोलायलीस? पीळ घाल.”

“न्हाई, सांगा ना. बांधावरनं डोकी फोडली ह्यांनी. इहिरीवरनं कवा भांडले का? इहीर फाडलीच न्हाई. बारी वाटून घेतली. ज्याची बारी त्याची आख्खी इहीर.”

माझ्या हातातलं टोक सुटलं आणि धुतलेली गोधडी चिखलात पडली. ती पुन्हा धुवावी लागली. शोभानं त्यासाठी मला सोडलं नाही, अजूनही ऐकवते.

गावाकडं येताना गाडीत आम्ही दोघी एकदम बोलत होतो. जागेची वाटणी नाही, वेळेची. गोदाम एकसंध, दार एकच, किल्ल्या चार. अवजारं सगळी भिंतीला. आपली बारी संपली की मधली जागा झाडून रिकामी, धान्य उचललेल्या खळ्यासारखी.

रफीकभाईंना पटायला वेळ लागला नाही. “अल्ला, हे आधी कामून सुचलं न्हाई?” एवढंच म्हणाले. संघपालकडं मी आणि शोभा गेलो तेव्हा तो म्हणाला, “येकच दार?” “एकच. रस्त्याला.” “मग माझं गिऱ्हाईक बी त्याच दारानं येणार.” “त्याच दारानं.” त्यानं विचार करून सांगतो म्हटलं. काकांशी मी अजून बोलत नव्हते, म्हणून त्यांना शोभानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका आपल्या शेतातली जळालेली मोटर खांद्यावर घेऊन भीमनगरात गेले. संघपालच्या घरी बसले, चहा घेतला, मोटर तिथं ठेवून परत आले. माफी मागितली की नाही मला माहीत नाही. संघपालनं मोटर भरून दिली आणि बैठकीला आला.

बाऱ्या वाटताना मात्र माझं पुन्हा डोकं फिरलं. काकांना पहाट हवी, कारण उन्हात लाकूड तडकतं. रफीकभाईंना संध्याकाळ, कारण शेतावरून येणारा माणूस मोडका वखर दिवस मावळताना घेऊन येतो. संघपालला रात्रीच्या जेवणानंतर, कारण तार भरायचं काम निवांत लागतं आणि तेव्हा लाईट टिकते. प्रत्येकाचं कारण चोख. राहिली काय, तर दुपार. वैशाखातली, पत्र्याखालची, परभणीची दुपार. ती शोभाच्या पदरात.

मी बैठकीतच बोलले, बाईमाणूस म्हणून उरलंसुरलं तिला का? काका खाली बघायला लागले. संघपाल म्हणाला, “मॅडमचं बरोबर हाय, आळीपाळीनं करू.”

शोभानं मला कोपरानं ढोसलं. “दुपारच पायजे मला.”

घरी येताना मी तिला फैलावर घेतलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आक्का, सकाळी सैपाक, धारा, पिंकीची शाळा. दिवस मावळता पुन्हा चूल. दुपारी समदं घर झोपतं. दुपारी मला कुणी हाक मारत न्हाई. ती येकच येळ माझी हाय, अन् ती पत्र्याखाली काढली काय न् माळवदावर काढली काय.”

मी पगारी बाई. माझी वेळ शाळेच्या घंटेनं मला राखून दिलेली असते. तिची कुणी राखलेली नव्हती, हे इतकी वर्षं एका घरात राहून मला दिसलं नव्हतं.

सरपंचबाईंना आम्ही पाचही जणांनी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, नकाशा कुठं आहे? काका म्हणाले, “नकाशा न्हाई. मधी काईच न्हाई, मग काय काढायचं?” बाई पुन्हा गालात हसल्या आणि गावानं जागा दिली.

पुढचे दिवस साफसफाईत गेले. कबुतरं काही गेली नाहीत, त्यांचीही एक बारी धरावी लागली. रफीकभाईंनी शोभाला घडीचे पाय करून दिले, काकांनी त्यावर फळ्या जोडल्या. आता तिचा टेबल भिंतीला टेकून उभा राहतो आणि तिच्या बारीला आडवा होतो. संघपालनं कुठल्याशा भंगारातल्या मोटरीचा कूलर केला. तो एवढा आवाज करतो की शेजारी बसून बोलता येत नाही, पण दुपार सोसते. काकांच्या चौकटीला आता लोखंडी बिजागऱ्या रफीकभाई लावून देतात. एकाची बारी संपताना दुसरा थोडा आधी येतो, मग दोघं मिळून काहीतरी भलतंच करून ठेवतात. परवा चारठाण्याच्या एका माणसाला शेवग्याच्या शेंगा काढायचा आकडा हवा होता. त्यात लाकूड, लोखंड आणि शोभानं शिवलेली झोळी असं तिन्ही लागलं. आता तसे आकडे बरेच जण नेतात. कुणाच्या पट्टीत तो झाला असता, कुणास ठाऊक.

सगळं सुरळीत आहे असं नाही. लाईट गेली की एकाची बारी दुसऱ्याच्या बारीत घुसते आणि तोंडातोंडी होते. काका भुसा झाडायला विसरतात. मी जाते-येते, कुणाला काही विचारत नाही, चहा मिळाला तर पिते.

पण मला आठवतो तो त्या उन्हाळ्याचा शेवटचा दिवस. विलास भावजी रजा काढून आले होते, न्यायला. मशीनचं डोकं तोवर पोत्यातून निघून गोदामात गेलेलं होतं. ते त्यांना फोनवर सांगितलेलं होतं, पण फोनवर ऐकणं वेगळं. नवरा-बायकोचं त्या रात्री काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. सकाळी शोभाचे डोळे सुजलेले होते. भाकरी मात्र तिनं नेहमीसारख्याच केल्या. सासूबाईंनी डब्यात कुरडया भरल्या, चाकणला न्यायला, एकट्याला पुरतील एवढ्या.

परभणीची गाडी दुपारची होती. शोभा थांब्यावर गेली नाही, तिची बारी सुरू झाली होती. मी तिला कापड धरू लागायला गोदामात गेले होते. टेबल आडवा करूनही कापड उरलं, म्हणून तिनं खाली सतरंजी टाकून तिथंही आंथरलं होतं. मोटरसायकल दारात थांबली. भावजी उतरले, पाठीला बॅग. दारातच त्यांनी बूट काढले, कारण कापड पार उंबऱ्यापर्यंत आलेलं. पहिल्यांदाच बघत होते. भिंतीला टांगलेले काकांचे रंधे, रफीकभाईंचा काळा चष्मा, तारेची रिळं, आणि मधे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं कापड.

मग त्यांनी विचारलं, “एवढ्यात तुजं कोणतं?”

शोभा गुडघ्यावर बसून कापत होती. कात्री चालू होती, ती तिनं थांबवली नाही.

“समदं,” ती म्हणाली. “चार वाजेपस्तोर.”